मीटर न बदलता पेट्रोलचा काटा दुरुस्त

काटा अर्ध्यावर, आणि खंबाटकी घाटात गाडी आचके देत बंद. टाकी कोरडी होती. शेजारी ऐंशीच्या घरातली आई. जीव नुसता टांगणीला लागला होता.

आधीच्या गॅरेजने न तपासताच ‘मीटर बदला’ सांगितलं होतं. मग साताऱ्यातल्या एका लहानशा ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. “ताई, आधी बघू तर द्या,” म्हणत दादांनी मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, कनेक्टर सोडवला. चावी चालू ठेवून सिग्नलची वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला टेकवली, तर काटा सरसर वर. म्हणजे मीटर आणि वायरिंग ठणठणीत, दोष टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या युनिटचा.

बॅटरीची वायर काढूनच त्यांनी टाकीतला पंप, त्याला जोडलेल्या त्या युनिटसकट, बाहेर घेतला आणि मला जवळ बोलावलं. पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटचा दांडा वरखाली करताना मल्टीमीटरवरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) सलग बदलायला हवेत. आमचे मध्येच गायब व्हायचे. दांड्यासोबत संपर्क जिच्यावर सरकतो ती पट्टी तिथं झिजून काळी पडली होती, नखाएवढीच जागा. घासून तात्पुरतं चालेल, पण टिकणार नाही, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलं. नवं युनिट टाकलं, रबरी सीलही बदललं, जुना पार्ट माझ्या हातात दिला. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पार्ट यायला दोन दिवस लागले आणि फोन मलाच करावा लागला, एवढं सुधारावं. जाताना टाकी भरून नेऊ नका, पंप काढणं सोपं जातं.

काल पाच लिटर भरलं, काटा तेवढाच वर सरकला. आईलाही दाखवला.