काभ्रेच्या डोंगरी शाळेतील स्वयंसेवा : एका सत्रानंतरचे मत

प्राथमिक शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी नेपाळमधील एका सशुल्क स्वयंसेवा कार्यक्रमात नाव नोंदवले आणि धुलिखेलच्या पुढे, काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यातील एका सामुदायिक शाळेत वैशाखापासून दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, सुटीपर्यंत काम केले. ‘मुलांसाठी काही करा, स्वतःच्या जगण्याला अर्थ मिळवा’ असा जाहिरातीचा थाट होता. त्यातला दुसरा भाग बऱ्यापैकी खरा ठरतो. पहिल्याबद्दल मात्र हातचे राखूनच बोलावे लागेल.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते, आणि आपल्या 100 रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला असल्यामुळे खर्चाचा अंदाज बांधणे सोपे जाते. यजमान कुटुंबाकडे दोन्ही वेळा डाळभात आणि सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, मिळे. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती शुल्काविषयी. त्यातले शाळेला किती पोहोचते, या प्रश्नावर संस्थेने शेवटपर्यंत गोलमोल उत्तरे दिली, आणि काहीच पोहोचत नाही, हे मुख्याध्यापकांनी चहा पिताना सहज सांगून टाकले.

शाळेत मला इंग्रजी शिकवायला सांगितले होते, पण खरी अडचण तिसरीच्या गणितात दिसली. 52 मधून 37 वजा करताना निम्मा वर्ग 25 लिहीत असे, कारण सातातून दोन काढणे मुलांना सोयीचे वाटे. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. एक गठ्ठा सोडल्याशिवाय दोन काड्यांतून सात देता येत नाहीत, हे हातांना कळल्यावर वहीतली चूक कमी होत गेली. वर्गातली बरीच मुले घरी तामाङ बोलणारी, म्हणजे नेपाळीसुद्धा त्यांची शाळेत शिकलेली भाषा, त्यामुळे माझ्या मोडक्यातोडक्या नेपाळी स्पष्टीकरणापेक्षा काड्याच अधिक बोलल्या. मात्र तास वर्गशिक्षिकेनेच घ्यावा आणि मी मागे बसावे, असा आग्रह मी धरला. पुढे तिने दुसरीसाठीही गठ्ठे बांधून घेतले, तेव्हा मी तिथे असण्या-नसण्याने फरक पडत नव्हता. माझ्या मते या कामाचे यश मोजायचे ते एवढ्यावरच.

दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या उत्साही तरुणांना हे साधत नाही. मुले त्यांना बिलगतात, छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या पाहुण्याला मुले नावाच्या आधी ‘कहिले जानुहुन्छ?’ (कधी जाणार?) असे विचारू लागतात.

याच संस्थेने शनिवारी काठमांडूतील एका बालगृहात ‘मुलांसोबत दिवस’ घालवण्याची सोय देऊ केली होती. मी ती नाकारली, आणि इतरांनीही नाकारावी असे स्पष्टपणे सुचवते. 1996 ते 2006 च्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईवडिलांनी मुले शिकतील या आशेने दलालांना पैसे देऊन ती राजधानीकडे पाठवली. त्यांतली कित्येक मुले आईवडील हयात असताना कागदोपत्री अनाथ ठरली, कारण अनाथ मुलांकडे पाहून परदेशी पाहुणे येतात आणि देणग्याही येतात. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला नव्या बालगृहांची नोंदणी थांबवावी लागली, ती याच व्यवहाराच्या भीतीने. आपण दिलेला एक शनिवारही त्या मागणीत भरच घालतो.

ज्यांना शिकवण्याचा अनुभव आहे आणि निदान एक सत्र देता येईल, त्यांनी जरूर जावे. त्याआधी शाळेच्या व्यवस्थापन समितीने नेमके काय मागितले आहे, याचे पत्र पाहावे, आणि संस्था तुमचा पोलीस पडताळणी दाखला मागते की नाही, याकडे लक्ष द्यावे. माझ्याकडे तो कोणीही मागितला नाही. मीच तो मुख्याध्यापकांच्या हाती दिला. पुढच्या वैशाखात मी पुन्हा जाणार आहे, पण या वेळी समितीच्या पत्रावर, मधल्या संस्थेला वगळून, आणि पहिली ते तिसरीच्या शिक्षिकांसोबत काम करण्यापुरतीच.