केमो चालू असताना जपानी तलवार शिकायला जाते, त्या वडगावच्या क्लासबद्दल

आधीच सांगते, हा रिव्ह्यू धडधाकट माणसांसाठी नाही. माझं वय 54, बेळगावच्या शहापुरात घर, 28 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मागच्या वर्षी गणपती झाल्यावर उजव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीपण काढल्या, मग केमो सुरू. पहिले चार डोस 21-21 दिवसांनी झाले, आता पॅक्लिटॅक्सेल नावाच्या केमोच्या औषधाचे दर आठवड्याला एक असे 12, त्यातले 9 झालेत. तर ज्यांचं असंच काहीतरी चालू आहे आणि घरचे "आता फक्त पडून राहा" म्हणतात त्यांच्यासाठी लिहितेय.

ऑपरेशननंतर फिजिओ मॅडमनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला होता. रोज भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची, कालच्यापेक्षा वर गेली का बघायचं. व्यायाम चांगलाच आहे, पण एकटीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की मला रडायलाच यायचं, आणि डोसनंतरच्या आठवड्यात खूण वर जायच्या ऐवजी खाली यायची. शेजारच्यांचा मुलगा वडगावात कराटेला जातो, त्यानं सांगितलं की आमचे सर सकाळी साडेसहाला लाकडी तलवारीची वेगळी बॅच घेतात, त्यात म्हातारी माणसंपण येतात की. मी घरात कुणाला न सांगता आधी डॉक्टरांना विचारलं, मग फिजिओ मॅडमना. दोघांनी हो म्हटलं पण अटी घातल्या. वजन अर्ध्या किलोच्या आत पाहिजे, झटका द्यायचा नाही, हात जड वाटला की तिथंच थांबायचं, आणि डोसनंतर ज्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा चार माणसांत जायचंच नाही.

पहिल्या दिवशी सरांनी तलवार दिलीच नाही. खुर्ची दिली, डिस्चार्जचा कागद बघायला मागितला, डॉक्टर नक्की काय म्हणाले ते माझ्याच तोंडून ऐकून वहीत लिहून घेतलं. मग घरातला जुना तरुण भारत आणला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "अक्का, आज हीच तलवार." आणि मग जे सांगितलं त्यानं मी या क्लासला चिकटले. जपानी तलवार दोन हातांनी धरतात, उजवा हात वर, मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या चकतीजवळ, डावा हात मुठीच्या पार खालच्या टोकाला. ताकद डाव्या हाताची, त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची. उजव्यानं फक्त दिशा द्यायची, उजव्यानं जोर लावला तर वार वाकडा जातो, म्हणजे तिकडं धडधाकट पोरांनापण उजवा हात सैल सोडायला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. माझा ऑपरेशनचा हात उजवा! सहा आठवडे मी ज्या हाताकडे निकामी म्हणून बघत होते त्या हाताला जे जमत होतं, नेमकं तेवढंच या विद्येला त्याच्याकडून पाहिजे होतं. ती गुंडाळी धरून मी खुर्चीत बसले होते आणि माझे डोळे भरून आले, सर काही बोलले नाहीत, पाणी आणून दिलं.

मला आधी वाटलेलं हे आपल्या दांडपट्ट्यासारखं असणार. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांच्या मिरवणुकीत पोरं जे खेळतात ते लहानपणापासून बघितलंय, अंगावर काटा येतो, पण पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असतो, मनगट वळत नाही, सगळा फिरवायचा तो खांद्यातून. माझ्या खांद्याला ते शक्यच नव्हतं. इथं दोन्ही हात शरीराच्या मधोमध राहतात, श्वास घेत तलवार वर न्यायची, सोडत खाली आणायची, पोटाच्या उंचीवर थांबवायची. वर म्हणजे डोक्याच्या मागेपर्यंत नेतात, मी कपाळापर्यंतच नेत होते, तरी सर म्हणायचे वार पूर्ण आहे. आणि नजर समोरच्यावर खिळवायची नाही, लांबच्या डोंगराकडे बघितल्यासारखी ठेवायची, जपानीत त्याला एन्झान नो मेत्सुके म्हणतात. क्लास गच्चीवर आहे, थंडीत धुकं हटलं की यळ्ळूरचा राजहंसगड दिसतो, मी सरळ त्याच्याकडेच बघते.

या क्लासची खरी गोष्ट म्हणजे आकडा. जिममध्ये, योगाच्या क्लासमध्ये, फिजिओमध्येसुद्धा किती केले ते विचारतात. इथं सर मला रोज आल्या आल्या विचारतात आज कसं आहे, आणि त्यावर ठरवतात. कधी 20 वार, कधी 3. ज्या दिवशी 3 ठरले त्या दिवशी चौथा करू देत नाहीत, मी म्हटलं तरी नाही. पण ते 3 बघताना समोर उभे राहून असे बघतात की जणू परीक्षाच आहे, अंगठा असा का, खांदा का उचलला, श्वास आधी का संपला. तीन वारांत घाम येतो आणि घरी जाताना आज काही झालं नाही असं वाटत नाही. आजारपणात सगळ्यात जास्त हेच खातं बघा, की दिवस गेला आणि आपल्या हातून धड एक काम झालं नाही.

आता तलवारीबद्दल, कारण तिथं माझे पैसे वाया गेले. लाकडी तलवारीला बोक्केन म्हणतात, नेहमीचं माप साधारण 102 सेंमी, म्हणजे तीन फूट चार इंच, जपानात ओकच्या लाकडाची करतात. मी घाईनं ऑनलाइन मागवली, आली ती 640 ग्रॅम आणि टोकाकडे वाकडी, विकणाऱ्यानं परत घेतली नाही. मग सरांनी ओळखीच्या सुताराकडे पाठवलं. त्या मामांनी नमुना हातात तोलून बघितला आणि म्हणाले सागवान नको, शिवण घ्या, हलकी असते. घरच्या काट्यावर भरली 390 ग्रॅम. शिवणीची तलवार दुसऱ्या तलवारीवर आपटायची नाही, मोडेल, पण मला हवेतच फिरवायची आहे. पुढे पॅक्लिटॅक्सेलनं बोटांची टोकं बधीर झाली आणि मूठ निसटायला लागली तेव्हा बॅटला चढवतात ती रबराची ग्रिप आणून चढवली, काम झालं. पाय पण बधीर होतात, सगळे अनवाणी करतात पण मी ग्रिपचे मोजे घालते, सरांनीच सांगितलं, कारण गच्चीची फरशी सकाळी गार असते आणि खाली काही टोचलं तर कळत नाही.

वार जमायला लागल्यावर सरांनी इआइदोचं थोडं सुरू केलं, म्यानातून तलवार काढणं, वार, परत म्यानात ठेवणं, सगळं एकटीनं, समोर कुणी नाही. जपानच्या केंदो (म्हणजे तिकडची तलवारबाजी) फेडरेशननं त्याचे ठरलेले प्रकार बसवलेत, 1969 मध्ये 7 होते, 1980 मध्ये 3 आणि 2000 मध्ये 2 वाढवले, असे 12. त्यातले पहिले चार खाली बसून आहेत, गुडघे मुडपून, पण पाचव्यापासून शेवटपर्यंत सगळे उभ्यानं. मला अजून मांडी घालून उठताना चक्कर येते, म्हणून सरांनी सरळ पाचव्यापासून घेतलं. लाकडीच तलवार, प्लास्टिकचं म्यान. धातूची, बिनधारेची असते ती वर्षभर तरी हातात देत नाहीत, आणि ते मला पटतं.

बॅचमध्ये आठ जणं. एक कन्नड आजोबा आहेत, त्यांचा हात थरथरतो, ते मोजतात ओंदू, येरडू, मूरू, मग माझी पाळी आली की एक, दोन, तीन, आणि सर इची, नी, सान. रोज या तीन भाषांत आमचे वार होतात. मी केस गेल्यावर पहिल्यांदा टोपी घालून गेले तेव्हा आजोबांनी फक्त विचारलं, "ऊटा आयता?" जेवलात का. बाकी कुणी वळून पण बघितलं नाही.

वाईटही सांगायला पाहिजे. गच्चीचा जिना अरुंद, एका बाजूला कठडा नाही, मी हात धरूनच चढते. वर बाथरूम नाही, डोसनंतरच्या दिवसांत ही अडचण मोठी आहे. आणि डिसेंबरात एकदा सर गावाला गेले होते, त्यांच्या जागी जो मुलगा होता त्यानं "मावशी अजून दहा, जमतंय की" म्हणत मला चाळीसवर नेलं. मलाही भरात कळलं नाही. रात्री हात जड, अंगठी रुतलेली. मी दर रविवारी शिवणकामाच्या टेपनं हात दोन जागी मोजते, कोपराच्या वर दीड सेंमी जास्त भरला. फिजिओ मॅडमकडे पळाले, बँडेज, मालिश, दोन आठवडे तलवार बंद. काखेतल्या गाठी काढलेल्यांचा हात असा सुजू शकतो आणि वेळेवर बघितलं नाही तर ती सूज राहूनच जाते. सर परत आल्यावर घरी आले, आमच्या ह्यांच्यासमोर माफी मागितली, आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी भिंतीवर असते, आज किती आणि काय करायचं नाही ते. तरी मी म्हणेन, सर नसतील त्या दिवशी आजारी माणसानं जाऊ नये.

फी महिन्याला 600, आणि डोसमुळे जे दिवस जातात ते पुढच्या महिन्यात धरतात, न मागता. रविवारी सुट्टी. कुणाला जायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, अंगात ताप असेल, प्लेटलेट कमी असतील तर नकोच. पहिल्या दिवशी तलवार विकत घेऊन जाऊ नका, जुना पेपर पुरतो. माझा दहावा डोस मंगळवारी आहे, त्यामुळे आता शुक्रवारी जाणार. चिठ्ठीवर 5 लिहिलेत.