जॉर्डन सिरीज ड्रोग : सोडायला सोपा, ओढून घ्यायला कठीण

उत्तर अटलांटिकमधील शेटलंड आणि फेरो बेटांच्या दरम्यान लहान शिडाची होडी एकट्याने न्यायची असेल, तर वादळासाठी बाळगायच्या सामानात मी जॉर्डन सिरीज ड्रोगला पहिला मान देईन. ड्रोग म्हणजे होडीच्या मागे पाण्यात सोडून तिचा वेग आवरणारे ओढण. मात्र विक्रेते रंगवून सांगतात तितका तो बिनत्रासाचा नाही.

1979 च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतील वादळात 15 स्पर्धकांचा बळी गेल्यानंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी विमान अभियंत्याने तो तयार केला. लांब दोरावर हातभराच्या अंतराने लहान कापडी शंकू ओवलेले असतात (साडेचार टनांच्या होडीला साधारण 100) आणि टोकाला वजनासाठी साखळी असते. एकच मोठा ड्रोग लाटेच्या उतारावर पाण्याबाहेर खेचला जाण्याची भीती असते; इथे साखळीमुळे दोर खोल लोंबतो, काही शंकू सतत पाणी धरून राहतात आणि ताण हिसका न देता वाढत जातो. त्यामुळे फुटती लाट मागून आदळली, तरी होडी तिच्यावरून घसरत जाऊन आडवी होण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांची होडी ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली, हे आठवले की या धोक्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एकट्याला याचा खरा लाभ असा, की साखळी सोडल्यावर उरलेला दोर पिशवीतून आपोआप जातो (पाय तेवढे दूर ठेवावेत), आणि मग सुकाणूवर बसून राहावे लागत नाही; दार लावून आडवे होता येते. काढून घेणे मात्र जिकिरीचे आहे. वारा पडल्यावर, प्रत्येक लाटेसरशी दोर सैल होईल तेवढाच विंचवर (दोर गुंडाळून ओढण्याच्या हाताच्या चरकावर) ओढायचा, तोही थंडीने बधिरलेल्या बोटांनी. यात तासाहून अधिक वेळ सहज जातो.

माझ्या तयार संचातील शंकू पातळ नायलॉनचे होते आणि एकाच वादळात होडीजवळच्या शंकूंचे काठ विसविशीत झाले. जाड डेक्रॉनचे (शिडाच्या पॉलिएस्टर कापडाचे) मागून घ्यावेत, किंवा शिवणकाम जमत असेल तर घरीच शिवावेत. जॉर्डन यांनी आराखडा सर्वांना खुला ठेवला आहे. दोर बांधायला नेहमीच्या खुंट्या चालणार नाहीत, कारण ताण होडीच्या निम्म्या वजनाच्याही वर जाऊ शकतो; त्यासाठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांना आरपार बोल्ट मारलेल्या पोलादी पट्ट्या हव्यात. शिवाय लाटा मागूनच येणार असल्याने, ज्यांच्या केबिनच्या दाराच्या फळ्या पातळ आहेत त्यांनी आधी त्या बदलून घ्याव्यात आणि मगच ड्रोगची मागणी नोंदवावी.