पवित्र आठवड्यासाठी सोलापुरी टर्किश टॉवेल: गुरुवारी उत्तम, शुक्रवारी नको

सोलापुरातल्या चर्चने पवित्र आठवड्यासाठी (ईस्टरच्या आधीचा आठवडा) टॉवेल बाहेरून मागवायचं काहीच कारण नाही. चादरीसारखंच इथल्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर निवडलेल्या माणसांचे पाय धुतात, ते पुसायला तो अगदी योग्य आहे. फक्त बेताच्या वजनाचा घ्यायचा आणि वापरण्याआधी धुवायचा. बहुतेक ठिकाणी फसगत होते ती धुण्यावरून.

कोरा टॉवेल पाणी पीत नाही. कारखान्यातून निघताना त्याला सॉफ्टनर दिलेला असतो, म्हणून दुकानात तो हाताला लोण्यासारखा लागतो. तोच टॉवेल ओल्या पायाला लावला की पाणी टिपलं न जाता नुसतं पसरतं. फादर दोन-तीनदा पुसतात, तरी बोटांच्या बेचक्यात ओल राहते, वर सुटे तंतू पायाला चिकटतात. तसाच ओला पाय गुळगुळीत फरशीवर पडतो आणि वयस्कर माणूस वेदीसमोरून जागेवर परत जाताना घसरतो. धोका खरा आहे, त्यामुळे कोऱ्या टॉवेलच्या घडीचा मोह धरू नका.

धुवायचं असं: पहिल्यांदा गरम पाण्यात, नेहमीच्या निम्म्या पावडरीत. दुसऱ्यांदा पावडर नाही, बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. तिसऱ्यांदा नुसतं पाणी. कपडे मऊ करणारं द्रव्य एकदाही घालायचं नाही, नाहीतर सगळी मेहनत वाया. मग वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लगेच आत मुरला तर टॉवेल तयार. मण्यासारखा वर थांबला तर आणखी एक धुणं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून हे काम झावळ्यांच्या रविवारच्या (पवित्र आठवड्याचा पहिला दिवस) आधीच उरकावं. बोअरच्या जड पाण्यात टॉवेल कडक होतो, तेव्हा निदान शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा.

आता वजन. पायांसाठी ४० बाय ६० सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा टॉवेल घ्या. असा एक टॉवेल साधारण ९६ ग्रॅम भरतो, डझन म्हणजे १ किलो १५० ग्रॅमच्या आसपास. दुकानदार काहीही सांगो, डझनाचा गठ्ठा काट्यावर ठेवायला सांगा. चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा टॉवेल एका पायातच भिजून जातो. ५५० च्या पुढचा दिसायला भारी, पण बोटांच्या मधे शिरत नाही. एका बाजूने फासे (टॉवेलवरचे धाग्याचे वेटोळे) कापून मखमली केलेला माल तर नकोच, कापलेली बाजू पाणी कमी ओढते. दोन्ही बाजूंना फासे असलेला, पांढरा, साध्या काठाचा टॉवेल हवा. क्रूस भरून घ्यायचा असेल तर अगदी काठालगत, कारण भरतकामाची जागा पाणी टिपत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या कारखान्यांचा दुय्यम मालही या कामाला चालतो. काठाची शिलाई दुहेरी दुमडलेली आहे ना, एवढं पाहावं. ओढला गेलेला फासा कात्रीने कापून टाका. तो ओढू नका, पुढची रांग सुटते, आणि तसाच ठेवलात तर कोणाच्या तरी नखात अडकतो.

नग किती? मिस्साग्रंथ, म्हणजे उपासनेच्या विधींचं पुस्तक, बाराचा आकडा बांधून देत नाही, आणि व्हॅटिकनच्या २०१६ च्या आदेशापासून स्त्रियांचेही पाय धुता येतात. जेवढी माणसं निवडली तेवढे टॉवेल, एक फादरांच्या हातांसाठी, दोन फरशीवर. योहानच्या शुभवर्तमानात येशू रुमाल कमरेला बांधतो, तसं फादर बांधणार असतील तर ६० बाय १२० चा घ्या. तो २९० ग्रॅमच्या आत बसतो. आंघोळीचा मोठा टॉवेल साडेचारशे ग्रॅमचा; वाकून वाकून त्याची गाठ सुटते. बारा जणांना पाच लिटर पाणी पुरतं, पण ते पडणार परातीत, म्हणून रिकामी करायला मधे एक बादली हवी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळीही चटका देतं, ते सकाळीच भरून सावलीत ठेवा.

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हाच टॉवेल क्रुसाच्या वंदनाला घेऊ नका. लोक क्रुसाचं चुंबन घेतात, प्रत्येकानंतर जागा पुसावी लागते, आणि टर्किशचे फासे खिळ्यांत, काटेरी मुकुटात अडकतात. लाकडावर तंतू राहतात ते वेगळेच. तिथे साधा सुती रुमाल किंवा मलमल लागते. सहा-आठ तुकडे हाताशी ठेवा आणि ओलसर झाला की बदला.

त्याच दिवशी सुरुवातीला फादर वेदीपुढे पालथे पडतात, तेव्हा खाली सोलापुरी चादर अंथरायची कल्पना चांगली आहे. मात्र कोरी मरून किंवा गडद निळी चादर पहिल्या धुण्यात रंग सोडते, आणि दुपारी तीनच्या उकाड्यात घामाने तोच रंग पांढऱ्या झग्यावर उतरतो. बऱ्याचदा धुतलेली जुनी चादर बरी.

पास्काजागरणात (ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना) बाप्तिस्मा असेल तर माणशी एक ७५ बाय १५० चा टॉवेल ठेवा, तिथे जाडी उपयोगाची. पुण्याच्या कॅथेड्रलहून आलेल्या अभ्यंगतेलाचे (बाप्तिस्म्यात लावायचं पवित्र तेल) डाग भांड्यांच्या साबणाने चोळून, मगच धुवा. मेणबत्तीचं मेण सांडलं तर गरम पाणी ओतू नका, ते फाशांच्या मुळाशी जाऊन बसतं. घट्ट होऊ द्या, बोथट सुरीने खरवडा, उरलेल्यावर खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवा आणि मेण उतरत राहील तोवर कागद बदलत राहा.