लेव्हल २ की लेव्हल ३? इंग्लंडमध्ये घर घेताना कुठला सर्व्हे करावा

ऑफर मान्य झाली की कर्ज देणारी बँक घराचं मूल्यांकन करून घेते. पुष्कळ जणांना वाटतं, झाला सर्व्हे, म्हणजे घराची तपासणी. पण आपले पैसे या घरातून वसूल होतील का, एवढंच बँक त्यात पाहते. कधी कधी तर कुणी घराकडे फिरकतही नाही, सगळं संगणकावरच उरकतं. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र घरातले दोष हुडकायचे ते घेणाऱ्यानेच. स्कॉटलंडचं वेगळं आहे, तिथे १ डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांचा होम रिपोर्ट (घराच्या स्थितीचा अहवाल) विकणाऱ्यालाच द्यावा लागतो.

आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेने सर्व्हेच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत. लेव्हल १ म्हणजे घराची आजची स्थिती सांगणारा छोटा रिपोर्ट, त्यात दुरुस्तीचा सल्ला नसतो. तो फार कमी जणांच्या उपयोगाचा. खरी निवड २ आणि ३ मध्ये.

दोन्हींत बऱ्याच गोष्टी सारख्या आहेत. सर्व्हेअर भिंत फोडत नाही, ठोकलेल्या फळ्या उचकटत नाही, घरमालकाचं सामान हलवत नाही. ओल मोजायचं मीटर, दुर्बीण आणि ३ मीटरची शिडी, एवढ्यावर काम चालतं. प्रत्येक भागाला १, २ किंवा ३ असा शेरा मिळतो. ३ म्हणजे गंभीर किंवा तातडीचं, २ म्हणजे दुरुस्ती हवी पण घाई नाही, १ म्हणजे नेहमीची देखभाल पुरे. चौथा शेरा ‘एनआय’, म्हणजे पाहता आलं नाही. रिपोर्ट हातात आला की आधी हे एनआय मोजा. लॉफ्टचं (छताखालच्या माळ्याचं) झाकण रंगाने चिकटलेलं असलं किंवा खिडकीची किल्ली सापडली नाही, तर आपण फी भरूनही तो भाग कोराच राहतो. म्हणून आदल्या दिवशी एजंटला फोन करून किल्ल्या काढून ठेवायला आणि लॉफ्टची वाट मोकळी करायला सांगावं.

फरक पडतो तो खोलात. लाकडी जमिनीखाली उतरायला झाकण असेल, तर लेव्हल २ मध्ये सर्व्हेअर डोकं आणि खांदे आत घालून बघतो. लेव्हल ३ मध्ये जागा सुरक्षित असेल तर खाली उतरतो. लेव्हल २ मध्ये काही खिडक्या उघडून पाहतात, लेव्हल ३ मध्ये शक्य तेवढ्या जास्त. लेव्हल २ साधारण दोन-चार तासांत आटोपतो, जुन्या घराच्या लेव्हल ३ ला दिवसाचा बराचसा वेळ जातो. फीतही काहीशे पौंडांचा फरक पडतो.

त्या जादा पैशांत काय मिळतं, ते एकोणिसाव्या शतकातल्या (व्हिक्टोरियन) चाळीवजा घराच्या छतावरून कळेल. अशा अनेक घरांवरचा मूळ स्लेटचा दगड काढून पुढे काँक्रीटची कौलं घातली गेली. ती बरीच जड. वासे आणि त्यांना पेलणाऱ्या आडव्या तुळया स्लेटच्या वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या, त्यामुळे आढं मधोमध खचतं आणि वाशांचा रेटा भिंतीचा माथा बाहेर ढकलतो. लेव्हल २ च्या रिपोर्टमध्ये हे ‘छताला बाक आहे, शेरा ३, तज्ज्ञाला दाखवा’ एवढ्यावर थांबू शकतं. लेव्हल ३ मध्ये बाक कशामुळे आला, हालचाल जुनी दिसते की चालू, जादा टेकू देऊन भागेल की आणखी काही करावं लागेल, आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे लिहिलेलं असतं. खर्चाचा अंदाज हवा असेल तर तो आधी ठरवून घ्यावा लागतो.

ओलीचंही तसंच. मीटरचा काटा चढला म्हणजे ‘भिंतीत ओल’ हे दोन्हींत कळेल. पण मागच्या अंगणातली फरशी वाढत वाढत भिंतीतल्या ओलरोधक थरापर्यंत आली आहे (ती त्याच्या किमान १५० मिलिमीटर खाली हवी) आणि तिने हवा खेळायला ठेवलेल्या भोकाच्या विटा बुजवल्यामुळे लाकडी जमिनीखालची हवा कोंडली आहे, ही साखळी जोडून दाखवायला लेव्हल ३ लागतो. नाहीतर भिंतीला रसायन टोचायला हजारो पौंड जातात आणि खाली तुळया कुजत राहतात.

तेव्हा १९९० नंतरचं, फेरफार न झालेलं घर किंवा फ्लॅट असेल तर लेव्हल २ पुरे. फ्लॅट घेताना मात्र बाहेरची क्लॅडिंग (भिंतींवरचं आवरण) आणि सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) यांची कागदपत्रं सॉलिसिटरकडून, म्हणजे आपल्या वकिलाकडून, तपासून घ्या. शंभरेक वर्षांचं, लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित), लाकडी सांगाड्याचं, किंवा चिमणीचा भाग काढून खोली मोठी केलेलं घर असेल तर लेव्हल ३ च. १९३० च्या दशकातलं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर) मधलं आहे: मूळ रूपात असेल तर २ चालेल, लॉफ्टमध्ये खोली काढली असेल किंवा मागे वाढवलं असेल तर ३ घ्यावा. अगदी नव्या घराला या दोन्हींपेक्षा स्नॅगिंगची, म्हणजे बांधकामातल्या बारीकसारीक त्रुटींची, तपासणी उपयोगी.

किंमतही तपासून हवी असेल तर मूल्यांकनासह लेव्हल २ मिळतो. लेव्हल ३ मध्ये ते सहसा नसतं, वेगळं मागावं लागतं.

रिपोर्टमध्ये वकिलासाठी वेगळा भाग असतो: बिल्डिंग रेग्युलेशनची मंजुरी, गॅरंट्या, सामाईक भिंत. तो त्याच दिवशी सॉलिसिटरला पाठवा. शेरा ३ वाल्या गोष्टींची पुढची तपासणी कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होण्याआधीच, म्हणजे करार दोन्ही बाजूंना बंधनकारक होण्याआधीच, करून घ्या. तोवर किंमत कमी करून मागता येते किंवा माघार घेता येते. एक्स्चेंजनंतर मागे फिरलात तर डिपॉझिट जातं, आणि ते बहुधा किमतीच्या १० टक्के असतं.