9,400 रुपयांची ‘नवीन’ डिस्क: घरपोच कॉम्प्युटर दुरुस्तीचा अनुभव

नागपुरात पेपरात घालून येणाऱ्या पत्रकांमध्ये आरओ, कूलर दुरुस्ती आणि ट्यूशनच्या जोडीला हल्ली ‘घरपोच कॉम्प्युटर सेवा, व्हिजिट फक्त 150 रु.’ असतंच. अशाच एका पत्रकावरच्या नंबरला माझ्या बाबांनी फोन केला आणि 9,400 रुपयांना गंडले. पैशांपेक्षा वाईट प्रकार पुढे निघाला, तोही सांगते. त्या माणसाचं नाव लिहीत नाही. नाव बदलायला त्याला नवं पत्रक छापलं की झालं, पद्धत मात्र तीच राहील.

बाबा निवृत्त शिक्षक, त्रिमूर्ती नगरात राहतात. 2017 मध्ये बर्डीच्या बाजारातून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप: इंटेलचा सातव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. भजनी मंडळाचे अभंग टाइप करायचे, रेल्वेची तिकिटं काढायची, पेन्शनचे कागद आणि जुने फोटो स्कॅन करून ठेवायचे, एवढंच काम. वर्षभरात तो हळूहळू मंदावत गेला. बटण दाबून चहा ठेवायचा, चहा पिऊन यायचं, तरी स्क्रीनवर गोल फिरतंच आहे. मला सांगितलं नाही, कारण ‘तू मिहानमधून थकून येते, त्यात हे कशाला’.

माणूस आला तो बॅग, आयकार्ड, पायांत मोजे अशा थाटात. आईने पाणी दिलं. त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली आणि बाबांसमोर माउसचं चाक फिरवत राहिला. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, पुन्हा लाल खुणा. “काकाजी, हे पाहा, सगळे एरर. व्हायरस घुसला ना जी, म्हणून मशीन भल्ली स्लो चालून राहिली.” बाबा घाबरले. कोणीही घाबरेल, कारण खाली शेकड्यांनी ओळी होत्या.

हे मात्र नीट समजून घ्या. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजची नोंदवही आहे. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर बंद होता, वायफाय तुटलं, की तिथे एक ओळ पडते. दुकानातून आणलेल्या धडधाकट मशीनवरही महिन्याभरात अशा ढीगभर ओळी जमतात. अशा ओळी म्हणजे व्हायरस नव्हे. फोनवरून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे’ म्हणून सांगणारे ठगही वर्षानुवर्षं हीच खिडकी उघडायला लावतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हेही लगे हाथ लक्षात ठेवा.

मंद झालेला कॉम्प्युटर या लोकांना आवडतो त्याचं कारण साधं आहे. बंद पडलेली मशीन एक तर सुरू होते किंवा होत नाही, तिथे थाप मारायला जागा कमी. ‘स्लो’ ही भावना असते. आधी किती स्लो होती याची कुठे नोंद नसते आणि नंतर किती फास्ट झाली हेही मोजलेलं नसतं. त्यात विंडोज नव्याने टाकलं की कुठलाही डबा काही दिवस पळतो. तेवढ्यात पैसे हातात पडलेले असतात.

पुढचं ठरल्याप्रमाणे झालं. घरी टूल नाहीत म्हणून सीपीयू स्कूटीवर ठेवून नेला. मग फोन आला, मदरबोर्ड शॉर्ट आहे, रिपेअर करून देतो. मग दुसरा फोन: 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 बंद झालं, आता बँकेची साइट उघडणार नाही, 11 टाकावंच लागेल. तारीख खरी आहे, त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा मोफत सपोर्ट थांबवला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबतं. आणि बाबांचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसतच नाही, मोजके अपवाद सोडले तर ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. ते त्याने सांगितलं नाही. अर्धं खरं सांगण्यात हा माणूस पटाईत होता.

बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद. मदरबोर्ड रिपेअर 1,800, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) 256 जीबी नवीन 3,200, ओरिजिनल विंडोज 2,500, अँटिव्हायरस 1,200, सर्व्हिस 700. सही नाही, शिक्का नाही, सिरीयल नंबर नाही. “पक्कं बिल पायजे असंन तर 18 टक्के जास्त लागतीन काकाजी.” बाबांनी यूपीआयने पैसे दिले. पुढे कामाला आला तो फक्त हाच पुरावा. जुन्या हार्ड डिस्कचं विचारलं तर म्हणाला, खराब झाली होती, फेकून दिली.

रविवारी मी घरी गेले तेव्हा मशीन पुन्हा अडखळायला लागली होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेले. चार जीबी. खाली स्पष्ट लिहिलेलं: दोनपैकी एक स्लॉट वापरात. म्हणजे एक रॅम काढून घेतली होती. बिलात रॅमचं नावही नव्हतं, त्यामुळे कोणी तिकडे बघेल असं त्याला वाटलं नसावं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवते ती ते वाचून दाखवतं. ‘पॉवर ऑन अवर्स’ या ओळीत आकडा होता 21 हजारांच्या वर. नव्या डिस्कवर तिथे शून्य किंवा फार तर थोडेसे तास असतात. 21 हजार तास म्हणजे दिवसरात्र चालवली तर जवळपास अडीच वर्षं. झाकण उघडून पाहिलं तर डिस्कवर नवं चकचकीत स्टिकर, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून खालच्या स्टिकरची निळी कड बाहेर डोकावत होती. (हा आकडा शून्यावर आणून विकणारे महाभागही आहेत, तेव्हा आकडा कमी दिसला म्हणजे माल नवाच असं समजू नका. सीलबंद डबी, त्यावरचा सिरीयल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून घ्या.)

‘ओरिजिनल’ विंडोजच्या परवान्याला 180 दिवसांची मुदत दिसत होती. ती सोय मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांसाठी असते, घरासाठी विकत घेतलेल्या विंडोजला मुदत नसते. म्हणजे चोरीचा जुगाड. तो जुगाड चालावा म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला अख्खी सी ड्राइव्ह (डिस्कचा विंडोज असलेला भाग) तपासायचीच नाही असं सांगून ठेवलेलं. वर त्याच अँटिव्हायरसच्या नावाने 1,200 रुपये!

आणि वाईट प्रकार म्हटला तो हा. मशीन सुरू झाली की आपोआप चालू होईल असं एक सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. त्यातून दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो. त्याला कायमचा पासवर्ड लावलेला, म्हणजे बाबांनी ‘हो’ म्हणायचीही गरज नाही. “नंतर काही प्रॉब्लेम आला तर घरी न येता करून देतो जी,” असं तो म्हणाला होता म्हणे. इंटरनेटची वायर आधी काढली, मगच ते उडवलं.

त्याच्या गाळ्यावर गेले. आधी म्हणाला, “ताई, डिस्क नवीनच हाय जी, टेस्टिंगसाठी चालवली असंन.” एकवीस हजार तास टेस्टिंग? तक्रारीचा कागद लिहून नेला होता, तो टेबलावर ठेवला. तेव्हा ‘फेकून दिलेली’ हार्ड डिस्क आतल्या खोलीतून बाहेर आली, चार जीबीची एक रॅम आली आणि 3,200 रुपये परत मिळाले. बाकीचे द्यायला साफ नकार. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. तुमच्या खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र थांबू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा.

आता मुळात मशीन मंद का झाली होती? परत आलेली हार्ड डिस्क तपासली, ठणठणीत निघाली. मदरबोर्डवर डागणीची (सोल्डरिंगची) एकही खूण नाही, म्हणजे रिपेअर झालेलंच नव्हतं. खरी गोष्ट अशी की असेंबल करणाऱ्याने सी ड्राइव्हला 100 जीबीच दिले होते आणि फोटो, डाउनलोड, डेस्कटॉपवरचं सगळं तिथेच साठत जाऊन दोन-तीन जीबी उरले होते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, त्यात अपडेट आणि अँटिव्हायरस एकाच वेळी वाचायला बसतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसते ती यामुळे. आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली कूलरच्या खोलीतली धूळ अशी बसली होती की पट्ट्यांमधून हवाच जात नव्हती. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या पुढे, तेव्हा तर करणारच.

म्हणजे एसएसडी टाकायचा सल्ला चूक नव्हता. निदान बरोबर, गोळी मुदत संपलेली. बर्डीवरून पक्क्या बिलाची एसएसडी आणली, धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, परवान्याचं विंडोज टाकलं. आता चहा होण्याआधी अभंगांची फाइल उघडते.

हार्ड डिस्क परत आली खरी, पण मधल्या काळात तिची कॉपी निघाली का, हे कळायला मार्ग नाही. त्यात आधार, पॅन, पासबुकाचे स्कॅन होते आणि डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ याच नावाची फाइल. सगळे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले, आई-बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, बँकेत अर्ज दिला. यात पैसे परत मिळवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. तेव्हा सीपीयू बाहेर पाठवायचाच असेल तर आधी रॅम आणि डिस्कचा फोटो काढा, आणि डिस्क काढून घरी ठेवा. बहुतेक डब्यांत ती काही स्क्रूंवरच बसवलेली असते. पंखा, रॅम, मदरबोर्ड डिस्कशिवाय तपासता येतात. काम विंडोजचंच असेल तर ते घरी, तुमच्यासमोर होऊ द्या. ‘डिस्क पाहिजेच’ म्हणून जो अडून बसेल त्याच्याकडून डबा उचलून परत आणा.