पाण्याकाठी घडीचं टेबल: फळी टिकते, पाय दगा देतात

सुटकेससारखं मधोमध मिटणारं, एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) प्लास्टिकच्या फळीचं आणि लोखंडी नळ्यांच्या पायांचं टेबल अंगणात वर्षानुवर्षं सुखाने उभं राहतं. तेच तळ्याच्या किंवा समुद्राच्या काठी नेलं की लवकर डुगडुगायला लागतं. यात फळीचा दोष क्वचितच असतो.

एचडीपीई पाणी शोषत नाही, कुजत नाही, मिठालाही दाद देत नाही. त्याला जपायचं ते उष्णतेपासून. १३० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं; शेगडीवरून उतरवलेलं पातेलं थेट टेकवलं तर पडलेला खळगा पुन्हा भरून येत नाही. दुसरी गोष्ट प्रसरणाची. १.२ मीटर लांबीची फळी ३० अंशांनी तापली तर साधारण ५ मिलिमीटर वाढते. म्हणून विकत घेण्याआधी टेबल उलटं करून खालचे स्क्रू पाहा. लोखंडी चौकटीतली त्यांची भोकं लांबट असतील तर फळीला सरकायला जागा मिळते. भोकं गोल आणि घट्ट असतील तर भर उन्हात फळी कमानीसारखी फुगते, आणि पुढे स्क्रू प्लास्टिकमधून सुटतात.

खरी परीक्षा पायांची. पावडर कोटिंगचा, म्हणजे भुकटी भाजून नळीवर बसवलेल्या रंगाचा, टवका बहुतेकदा बिजागरीपाशी उडतो, कारण तिथे धातूवर धातू घासतो. तिथून शिरलेला गंज रंगाच्या आतून पसरत जातो आणि पापुद्रा निघेपर्यंत बाहेरून कळतही नाही. नळीच्या टोकांना घातलेल्या रबरी बुटांत पाणी साचतं ते वेगळंच. बूट काढून वाळवावेत, किंवा त्यांच्या तळाला ५ मिलिमीटरचं भोक पाडावं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने पायांचं आयुष्य नक्की वाढतं.

समुद्राकाठी नेहमीचं जाणं असेल तर हे टेबल घेऊ नका. गुंडाळता येणाऱ्या पट्ट्यांचं ॲल्युमिनियमचं टेबल तिथे सरस ठरतं, पण रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच हवेत. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची नळी खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकली की झिजतं ते ॲल्युमिनियम, तेही नेमकं भोकाभोवती. बोल्ट स्टेनलेसचेच असतील तर मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. पट्ट्यांमधल्या फटींमुळे उभा पेला कलंडतो, ही या टेबलाची मोठी उणीव.

वाळूत टेबल रुततं, याला इलाज सोपा आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या चार पायांचा तळ मिळून जेमतेम २० चौरस सेंटिमीटर भरतो. सामानासकट ४० किलो भार आला तर दर चौरस सेंटिमीटरवर २ किलो दाब पडतो. प्रत्येक पायाखाली १० × १० सेंटिमीटरचा प्लायचा तुकडा ठेवला की हाच दाब विसाव्या हिश्श्यावर येतो. तुकडे १२ मिलिमीटर जाडीचे घ्या; पातळ प्लाय ओला झाला की वाकतो.

काठावरचा वारा हलकं टेबल सहज उलटवतो. मधल्या आडव्या दांडीला १० लिटरचा पाण्याने भरलेला कॅन जमिनीपासून बोटभर वर राहील असा बांधा. कॅन जमिनीवर टेकला तर त्याचं वजन टेबलावर येत नाही. फळीच्या मधल्या भोकात छत्री मात्र रोवू नये. वारा छत्रीला ढकलतो, दांडा तरफेसारखा काम करतो आणि टेबल सामानासकट आडवं होतं. छत्रीचा खुंटा वेगळा, जमिनीतच ठोकावा.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन टेबल उघडंच वाळवा. बिजागरीला तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटून धातू खरवडला जातो. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे पुरतो.